वांद्रे पश्चिम : ‘मन्नत’ सोडून पाहुण्यांना काय दाखवाल?

खाडीअलीकडचा

गावाकडून पाहुणे आले की फर्माईश ठरलेली. राणीची बाग, गेटवे, आणि मग जेवताना कुणीतरी हळूच विचारतं, “शाहरुखचा बंगला तुमच्या जवळच ना?” आम्ही माहीमला राहतो. कॉजवे ओलांडला की वांद्रं, त्यामुळे “फार लांब पडतं हो” म्हणायचीही सोय नाही. नेतो बापडा. बँडस्टँडला उतरायचं, उंच भिंत आणि बंद फाटक बघायचं, गर्दीच्या कोपरांमधून एक फोटो काढायचा आणि मागे फिरायचं. झालं वांद्रं!

याला माझा सक्त विरोध आहे, म्हणून हा धागा. अर्ध्या दिवसात पायी होईल असा माझा रस्ता सांगतो, जाणकारांनी भर घालावी.

सुरुवात स्टेशनापासूनच. वांद्रे स्टेशनची पश्चिमेची इमारत १८८८ची आहे, वारसा यादीतली. उतरत्या कौलारू छपरांचं इतकं देखणं स्टेशन पश्चिम रेल्वेवर दुसरं नसेल. पण रिक्षावाल्यांच्या हाकांमध्ये मान वर करून बघायला फुरसत कुणाला? तिथून तलावाला वळसा घालून हिल रोड. (पाटीवर रामदास नायक मार्ग, पण रिक्षावाल्याला ते सांगून बघा.) कपडे, कानातले, मोबाईलची कव्हरं यांचा बाजार सकाळी अकराच्या आत उघडत नाही. तो बंद असतानाच जावं, मग वरच्या मजल्यांवरच्या जुन्या गॅलऱ्या दिसतात. वाटेत मेहबूब स्टुडिओ लागेल, १९५४चा. आत सोडत नाहीत. पुढे समुद्राच्या टोकाला सेंट अँड्र्यूज चर्च, १५७५चं. म्हणजे शिवरायांच्या जन्माआधी पन्नासेक वर्षं! आवारातला दगडी क्रूस बघायला विसरू नका, १७ फुटी आहे आणि येशूच्या यातनांची चिन्हं त्यावर कोरलेली आहेत : खिळे, हातोडा, शिडी, कोंबडा. पाहुण्यांमध्ये लहान मुलं असतील तर “कोंबडा शोधा” म्हणून सोडून द्यायचं.

मग माउंट मेरी चर्चचा चढ. आजची इमारत १९०४ची, वास्तुविशारद शापूरजी चांदाभॉय. मूर्ती मात्र त्याहून कितीतरी जुनी, सोळाव्या शतकात जेझुइटांनी आणलेली. बाहेरच्या टपऱ्यांवर मेणाचे हात, पाय, घरं, तान्ही बाळं मिळतात. गुडघा दुखतोय तर मेणाचा पाय, घर होत नाहीये तर मेणाचं घर. एकदा एका काकू टपरीवाल्याला “वन बीएचके नाही का?” असं अगदी गंभीरपणे विचारत होत्या.

तिथून खाली उतरलं की बँडस्टँड. तिथून डावीकडे जात राहिलं की टोकाला किल्ला. पोर्तुगिजांचा कॅस्टेला दे अगुआडा, १६४०चा. जहाजांना गोडं पाणी भरून द्यायचं ठिकाण होतं ते, समोर माहीमची खाडी. मराठी माणसाने इथे जरा थांबावं, कारण किल्ला असा पडका का, याच्याशी आपला संबंध आहे. १७३९मध्ये चिमाजी अप्पांनी वसईला मोर्चे लावले होते आणि साष्टी (वांद्रं ज्यावर आहे ते बेट) पोर्तुगिजांच्या हातातून गेलीच होती. वांद्र्याचा किल्ला मराठ्यांच्या हाती पडला तर तोफा थेट मुंबईवर रोखल्या जातील, या भीतीने इंग्रजांनी तो पाडायला लावला. मग १७७४पर्यंत साष्टीवर मराठ्यांचा अंमल होता. आज दरवाजा, तटाचा काही भाग आणि एक बुरूज एवढंच आहे, त्याच्या कुशीत खुलं नाट्यगृह बांधलंय. पायऱ्यांवर बसलात की सी लिंक अख्खा समोर येतो.

आणि परतताना बसने कॉजवेवरून या, सी लिंकवरून नको. कारण खाली लिहितो, आत्ता चहा आलाय.

आगाऊ_कार्टा

धागा छान. पण खरं सांगा, वांद्र्यात बघण्यासारखं काय आहे? ट्रॅफिक, कुत्र्यांना फिरवणारी माणसं आणि ज्या पैशांत आमच्याकडे थाळी येते त्या पैशांतली कॉफी. समुद्र म्हणाल तर तो अलिबागलाही आहे, आणि तिथे पाय तरी बुडवता येतात.

रानवारकर

कार्ट्या, बोलावते तुला एकदा घरी. 😀

मी रानवार गावठाणातली, ईस्ट इंडियन, म्हणजे मूळची इथलीच कॅथलिक. माझ्या आजीचं, पणजीचं सगळं आयुष्य इथेच गेलं. आम्ही घरी मराठीच बोलतो, आमच्या ढंगाची. शाळेत मात्र इंग्लिश, त्यामुळे इथे लिहिताना चुकलं तर सांभाळून घ्या. १८८७मध्ये आमच्या पूर्वजांनी ईस्ट इंडियन हे नाव घेतलं, ते इंग्रज सरकारच्या नोकऱ्यांमध्ये गोव्याहून येणाऱ्यांपेक्षा आपण इथले वेगळे, हे ठसवायला. लोक मात्र अजून आम्हाला विचारतात, “गोव्यात गाव कुठलं तुमचं?” अहो, हेच गाव!

दादा, तुम्ही सेंट अँड्र्यूजवरून सरळ माउंट मेरीला गेलात, मध्ये आमचं गाव राहिलं. हिल रोडवरून वरोडा रोडला आत वळा. दोन मिनिटांत आवाज बंद होतो. कौलारू घरं, पुढे व्हरांडा, बाहेरून वर जाणारा लाकडी जिना. जिना बाहेर अशासाठी की वरचा मजला लेकाला द्यायचा किंवा भाडेकरूला, आणि येणाऱ्याजाणाऱ्याने खालच्या घरातून जायचं नाही. भिंतींवर आता चित्रं काढलीत, ती बघायला पोरंपोरी येतात. या, हरकत नाही. पण आमच्या जिन्यावर बसून कपडे बदलून फोटो काढतात हो! आतून आई विचारते, “कोण आलंय?” काय सांगू?

आणि वाटेत जे छोटे छोटे क्रूस दिसतील, कोपऱ्यावर, भिंतीत, झाडाखाली, त्यातले बरेच १८९६च्या प्लेगच्या साथीत उभारलेले आहेत. साथ टळावी म्हणून एकेका आळीने नवस केला होता. आमच्याकडे मे महिन्यात अजून संध्याकाळी क्रूसापाशी जमून रोझरी म्हणतात, नंतर चणे वाटतात. उकडलेले, खोबरं घालून. बघायला म्हणून नाही, पण त्या वेळी तिथून जात असलात तर हात पुढे करा, कुणी नाही म्हणणार नाही.

मांजराकाठ

वा! वाचनखूण साठवली. आम्ही दिवाळीनंतर लातूरहून येतोय, आई-बाबा सोबत. बाबांना किल्ला बघायचाय, आईला ‘मन्नत’. आईचे गुडघे दुखतात. माउंट मेरीला पायऱ्या किती आहेत? रिक्षा वरपर्यंत जाते का?

खाडीअलीकडचा

@मांजराकाठ, रिक्षा चर्चच्या दारापर्यंत जाते, काळजी नको. चर्चमध्ये शिरायला थोड्या पायऱ्या आहेत. किल्ल्याला मात्र दगडी, उंचसखल पायऱ्या आहेत. आईंना वरच बसवा, तिथूनही समुद्र दिसतो. एक लक्षात ठेवा, रिक्षा वांद्र्यापासून उत्तरेकडेच चालतात, माहीम-दादरला येत नाहीत. तुम्ही दादरला उतरणार असाल तर लोकलने वांद्र्याला या आणि मग रिक्षा करा.

आता कॉजवेचं सांगतो. १८४५पर्यंत माहीम आणि वांद्र्यामध्ये खाडी होती, ती पडावाने ओलांडायची. पावसाळ्यात होड्या उलटून माणसं जायची. सरकारने पूल बांधायला पैसे नाहीत म्हणून हात वर केले. तेव्हा जमशेटजी जीजीभॉय यांच्या पत्नी लेडी आवाबाईंनी १ लाख ५७ हजार रुपये पदरचे दिले, पण अट घातली : यावर कुणाकडूनही टोल घ्यायचा नाही. माहीमचा एल. जे. रोड म्हणतो तो त्यांच्याच नावाने, लेडी जमशेटजी रोड. आणि बरोबर शेजारी २००९चा सी लिंक, ५.६ किलोमीटर, आठ पदरी, त्याच्यावर टोल. चालणाऱ्याला, दुचाकीला, रिक्षाला मज्जाव. म्हणून म्हटलं, परतताना कॉजवेवरून या. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि त्यापलीकडे पूल. फुकट.

पूर्वेची_सुमनताई

सगळे पश्चिमेचं गाताहेत, तर पूर्वेकडून एक हात वर. आम्ही सरकारी वसाहतीत वाढलो. आमच्या लहानपणी स्टेशनच्या पश्चिमेला उतरलं की आधी नाक दाबायचं, कारण कत्तलखाना तिथे होता. तो १९७१मध्ये देवनारला गेला. आज जिथे बुटांच्या दुकानांत तासन्‌तास घालवतात, त्या बाजूला तेव्हा कुणी हौसेने जात नसे. तेव्हा हा श्रीमंती थाट काही पोर्तुगिजांच्या वेळेपासूनचा नाही, एवढंच सांगायचंय.

मराठी माणसाला सांगण्यासारखं म्हणजे आमच्या बाजूचं साहित्य सहवास. लेखकांची सोसायटी. सचिन तेंडुलकर तिथेच वाढला, वडील कवी होते ना. आणि पश्चिमेत रंगशारदा आहे, रेक्लमेशनला, विद्याधर गोखल्यांच्या प्रयत्नांतून उभं राहिलेलं. वांद्र्यात मराठी नाटक बघता येतं हे वांद्र्यातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नसेल. पाहुण्यांना संध्याकाळी नाटकाला न्या. वर्तमानपत्रातली जाहिरात बघून जायचं.

जाता जाता रेक्लमेशनच्या एमटीएनएलच्या इमारतीकडे बघा. २०१४मध्ये तिच्यावर दादासाहेब फाळक्यांचं प्रचंड चित्र रंगवलं होतं, इमारतीच्या उंचीचं. ज्याला सिनेमावाल्यांची हौस आहे त्याने आधी यांना नमस्कार करावा.

आगाऊ_कार्टा

सुमनताई +१. फाळक्यांच्या चित्राखाली कुणी सेल्फी काढत नाही, तेवढाच फरक.

भरती_ओहोटी

बँडस्टँडला जाणाऱ्यांनी भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघूनच जावं, ही कळकळीची विनंती. ओहोटीला पाणी मागे गेलं की काळे कातळ उघडे पडतात, त्यावर लोक पार आत जाऊन बसतात. पाठमोरे बसल्यावर पाणी कधी वाढलं ते कळत नाही. शेवाळावर पाय ठरत नाही, आणि कातळांमधल्या चरातून येणारी लाट खालून ओढते. पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वर भरती असते तेव्हा पालिका आधीच सांगते. त्या दिवशी कठड्याच्या अलीकडे थांबा. लाट बघायला अलीकडूनही तेवढीच मजा येते, फक्त भिजायची तयारी ठेवा.

पण ओहोटीचा खरा फायदा घ्यायचा तर सकाळी लवकर या. कातळ म्हणजे लाव्हाचा खडक, मध्ये खड्डे पडून पाणी साचतं. एका खड्ड्यापाशी दहा मिनिटं हलू नका. आधी नुसतं पाणी दिसतं. मग एक शंख चालायला लागतो, आणि लक्षात येतं की शंखात गोगलगाय नाही, खेकडा आहे, भाड्याने राहतोय. मग दगडाचा म्हणून वाटलेला तुकडा वळतो आणि तो मासा निघतो, बोटाएवढा, एका खड्ड्यातून दुसऱ्यात टुणकन उडी मारणारा. माझ्या भाचीने त्यानंतर ‘मन्नत’कडे पाठ फिरवली ती फिरवलीच.

कार्टर रोडलाही जा. तिथली तिवरं आणि ओहोटीत चिखलावर येणारे बगळे, तुतारी वगैरे पक्षी, यासाठी दुर्बीण हवी. चालायला किनाऱ्याच्या कडेने सरळ लांब पदपथ आहे. आता समोर वर्सोव्याच्या नव्या सागरी सेतूचं काम चालू आहे, तेव्हा क्रेन आणि बार्जेसही बघा, इलाज नाही.

रानवारकर

कार्टर रोडच्या उत्तर टोकाला दांडा आहे, खारदांडा कोळीवाडा. आणि सेंट अँड्र्यूजच्या मागे आमचं चिंबई. कोट्यवधींचे फ्लॅट आणि मधोमध वलांडींवर सुकणारे बोंबील. वासाची तक्रार करणारेही आहेत हल्ली. बोंबील आधी आले की टॉवर आधी आले, ते त्यांनी स्वतःला विचारावं.

कोकणचा_काळा

बोंबलाचं नाव काढलंत, आता खाण्याचं सांगा की! कुठे जेवायचं? वांद्र्यात मला नेहमी सहा पानी मेन्यू मिळतो आणि त्यातलं काही कळत नाही.

खाडीअलीकडचा

माझी यादी साधी. स्टेशनाजवळ लकीची बिर्याणी. हिल रोडला एल्कोची पाणीपुरी (तिथेच बायकोची खरेदी, एक दगड दोन पक्षी). चर्च बघून झालं की हिल रोडवरच्या हर्श बेकरीतले रोल. ताटात जेवायचं असेल तर घरी या, माहीमला.

रानवारकर

ईस्ट इंडियन जेवण हॉटेलात फारसं मिळत नाही, घरगुती ऑर्डरवर मिळतं. पण बॉटल मसाला विकत मिळतो, तो न्या पाहुण्यांना. एप्रिल-मे महिन्यात मिरच्या उन्हात वाळवायच्या, वीस-पंचवीस जिन्नस एकेक करून भाजायचे आणि कांडायचे. पूर्वी कांडणाऱ्या बायका मुसळं घेऊन घरोघरी फिरायच्या, ओव्या म्हणत कांडायच्या. मग तो बिअरच्या तपकिरी बाटल्यांमध्ये भरायचा. ऊन लागलं की रंग उडतो, म्हणून तपकिरी. भरताना बाटलीत लाकडी काठीने ठासून ठासून हवा काढायची, नाहीतर जाळं धरतं. माझी आजी बाटली मांडीवर घेऊन ठासायची आणि शिंका यायला लागल्या की आम्हा पोरांना अंगणात पिटाळायची. तो मसाला घातलेलं मटण आणि सोबत फुगे, म्हणजे आंबवलेल्या पिठाचे तळलेले गोळे. लग्नात ते असतातच. आदल्या दिवशी घुमट वाजवत विहिरीचं पाणी आणायला जातात, उंबराचं पाणी म्हणतो आम्ही. वांद्र्याच्या गल्लीत कधी लुगड्यातल्या बायका नाचत जाताना दिसल्या तर शूटिंग समजू नका.

मांजराकाठ

रानवारकर ताई, हे सगळं आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, अगं, हे तर आपल्या देवकार्यासारखंच आहे, पाणी आणायला जाणं वगैरे. आता तिला तुमचं गाव बघायचंय. पण ‘मन्नत’ रद्द नाही झालेलं! 🙈

न्यूजर्सीचा_नाना

मी नव्वदच्या दशकात वांद्र्यात नोकरी केली. जॉगर्स पार्क नुकतंच, १९९०मध्ये झालं होतं. कचरा टाकायच्या जागेचं उद्यान केलं, हॉकीचे ऑलिम्पियन ऑलिव्हर अँड्रेड यांची कल्पना. गुडघ्यांना त्रास नको म्हणून मातीची धावपट्टी. तेव्हा सकाळी चालायला तिकीट काढायचं म्हणजे लोकांना थट्टा वाटायची. कार्टर रोडवर राजेश खन्नाचा ‘आशीर्वाद’ तेव्हा होता. गेल्या खेपेला आलो तर तिथे पत्रे लावलेले. २०१६ला पाडला म्हणे. एकेकाळी या बंगल्यापुढेही आज ‘मन्नत’पुढे असते तशीच गर्दी असायची. कार्टर रोडला आता संगीतकार नौशादांचं नाव आहे, ते तिथेच राहायचे. पण रस्त्यावर उभं राहून नौशाद नौशाद ओरडताना मी कुणाला पाहिलं नाही.

पूर्वेची_सुमनताई

नाना, पूर्वी जॉगर्स पार्कला आमच्याकडची मंडळी लग्न ठरवायला भेटायची. मुलगा-मुलगी पुढे, दोन्हीकडचे काका मागे, तीन फेऱ्या झाल्या की होकार.

आगाऊ_कार्टा

आणि नकार असेल तर?

पूर्वेची_सुमनताई

मग एका फेरीतच सगळ्यांना तहान लागायची.

कोकणचा_काळा

😂😂 जत्रेचं कुणीच लिहिलं नाही? आमच्या गावचे लोक ‘मोतमावली’ला (माउंट मेरीला) नवस बोलतात, हिंदूच सगळे.

रानवारकर

अहो, जत्रेवर वेगळा धागा काढावा लागेल. ८ सप्टेंबर हा मारिया मातेचा जन्मदिवस, त्याच्या लगतच्या रविवारपासून आठवडाभर जत्रा. आधी नऊ दिवस नोव्हेना, म्हणजे प्रार्थना. स्टेशनवरून बेस्टच्या जादा बसेस सुटतात. आगरी, कोळी, गुजराती, मुसलमान, सगळे येतात. कोळी लोकांची गोष्ट अशी की मूर्ती मासेमारीला गेलेल्या माणसाला समुद्रात सापडली. चढावर दोन्ही बाजूंना दुकानं : पेरूचं चीज, कडियो-बोडियो, काळा हलवा, चणे. गोव्याचे लोक दरवर्षी येऊन तीच जागा धरतात. मेरी-गो-राउंड, मौत का कुआँ, फुगे फोडायची बंदूक हेही आहेच. मी लहानपणी नोव्हेना संपेपर्यंत कशीबशी उभी असायचे, जीव सगळा पाळण्यात.

@मांजराकाठ, तुम्ही दिवाळीनंतर येताय ते बरंच. गर्दी कमी, हवा चांगली. असं करा : साडेसातला स्टेशन, आठला सेंट अँड्र्यूज (रविवार टाळा, मिस्सा असतो), मग रानवार, मग रिक्षाने आईंना घेऊन माउंट मेरी. तिथून उतरताना ‘मन्नत’ वाटेतच आहे, पाच मिनिटं द्या, आईंचं मन मोडू नका. शेवटी किल्ला. ऊन चढायच्या आत बाबांचं सगळं बघून होईल.

आगाऊ_कार्टा

आणि मला कधी बोलावताय?

रानवारकर

त्याच दिवशी ये. फुगे करते. फक्त गाडी गावठाणात आणू नकोस, वळवायला जागा नाही. गेल्या महिन्यात एकाची अडकली, तेव्हा अर्धी आळी बाहेर येऊन ढकलत होती आणि उरलेली अर्धी गॅलरीतून त्याला डावीकडे-उजवीकडे सांगत होती. हिल रोडला सोडायला सांग आणि चालत ये.